दिल्लीचा चंद्रोदय : यमुनेच्या काठापासून गच्चीपर्यंत

दिल्लीत चंद्र दोन दिशांना पाहिला जातो. अमावास्येनंतरची पहिली कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेच्या क्षितिजावर थोडा वेळ दिसते आणि सूर्यामागोमाग मावळते. रमजान आणि ईद तिच्यावर ठरतात. पौर्णिमेचा आणि वद्य चतुर्थीचा चंद्र पूर्वेला उगवतो. कोजागिरी, शरद पौर्णिमा, करवा चौथ, सकट चौथ आणि दर महिन्याची संकष्टी त्याची वाट पाहतात. पहिल्या चंद्राचा इतिहास मशिदींशी आणि ग्वाही घेणाऱ्या उलेमांशी जोडलेला आहे. दुसऱ्याचा इतिहास यमुनेचा काठ, शाहजहानाबादचे हौद आणि घरांच्या गच्च्या यांत विखुरलेला आहे. प्रेमिकांनी, नवविवाहितांनी आणि उपवास धरलेल्या बायकांनी वाट पाहिली ती मुख्यतः या दुसऱ्या चंद्राची. दिल्लीची जुनी रचना त्या वाट पाहण्याला फार अनुकूल होती.

अरवलीची शेवटची टेकडीरांग, दिल्लीकर जिला ‘रिज’ म्हणतात, शहराच्या दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून उत्तरेला जाते. पूर्वेला यमुना वाहते आणि तिच्या पलीकडे दोआबाचा सपाट मुलूख पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत चंद्र डोंगराआडून उशिरा वर येतो. दिल्लीच्या नदीकाठावर तो थेट जमिनीच्या रेषेतून उगवताना दिसत असे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून साधारण सूर्य मावळतानाच तो वर येतो. उन्हाळ्यातली पौर्णिमा आग्नेयेच्या बाजूला उगवते, हिवाळ्यातली ईशान्येच्या बाजूला, आणि आश्विन–चैत्राच्या सुमाराची जवळजवळ नेमकी पूर्वेला. क्षितिजाशी चंद्र मोठा वाटतो तो डोळ्यांचा भास आहे. मोजला तर त्याचा आकार माथ्यावर असतानाएवढाच भरतो. त्याचा तांबूस रंग मात्र खरा असतो. हवेच्या जाड थरातून येताना निळा प्रकाश विखुरतो आणि तांबडा उरतो. दिल्लीच्या धुळीने हा रंग आणखी गडद होतो.

नदीकाठच्या उंच जागेवरून आकाश पाहण्याची दिल्लीतली एक प्रसिद्ध घटना चंद्राची नाही, शुक्राची आहे. जानेवारी १५५६ मध्ये हुमायून बादशहा पुराना किल्ल्यातल्या शेर मंडल या अष्टकोनी इमारतीच्या छतावर गेला होता. त्या रात्री शुक्र उगवायचा होता आणि ज्योतिषी बरोबर होते. खाली उतरताना अजान ऐकून तो पायरीवर थांबला, पाय घसरून पडला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुराना किल्ला त्या काळी यमुनेला लागून होता, आणि उगवत्या ताऱ्या-ग्रहांसाठी छतावर जाणे दरबारात अपरिचित नव्हते, एवढे या घटनेवरून दिसते.

शाहजहानने १६३९ मध्ये लाल किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ मध्ये तो तेथे राहायला आला. किल्ल्याची मांडणी पाहिली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. दिवाण-ए-खास, खास महाल, मुसम्मन बुरूज, रंग महाल ही सगळी खासगी दालने पूर्वेच्या तटावर, नदीच्या बाजूला एका ओळीत उभी आहेत. सकाळी बादशहा ज्या झरोक्यातून खाली जमलेल्या प्रजेला दर्शन देई, तो झरोकाही याच अंगाला. उगवतीचे ऊन आणि उगवतीचा चंद्र दोन्ही या संगमरवरी दालनांत समोरून येत. दालनांच्या मधून ‘नहर-ए-बिहिश्त’ हा पाण्याचा पाट वाहत असे आणि रंग महालात तो कमळाच्या आकाराच्या कुंडात उतरे. पांढरा दगड, वाहते पाणी आणि मोकळी पूर्व यांचा हा मेळ योगायोगाने जमलेला नाही. मोगल बागांच्या परंपरेत रात्रीच्या वापराचा विचार नेहमीच होता. आग्र्याला ताजमहालाच्या समोर, यमुनेच्या दुसऱ्या काठावर ‘मेहताब बाग’ होती. १९९० च्या दशकातल्या उत्खननात तिचा अष्टकोनी हौद सापडला. त्यात ताजचे प्रतिबिंब पडेल अशी त्याची जागा आहे.

दिल्लीच्या किल्ल्यातही एक मेहताब बाग होती. तिच्या शेजारी हयात बख्श बाग आणि त्या बागेच्या दोन टोकांना ‘सावन’ आणि ‘भादों’ नावाचे दोन संगमरवरी मंडप. मंडपांत पाणी धबधब्यासारखे खाली पडे. पाण्याच्या पडद्यामागे भिंतीत लहान कोनाडे आहेत. दिवसा त्यांत फुलांची पात्रे आणि रात्री दिवे ठेवत. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसत नाही, त्या महिन्यांची नावे या मंडपांना दिलेली आहेत आणि तिथला उजेड दिव्यांचा आहे. मेहताब बाग चांदण्यासाठी राखलेली. दोन बागा शेजारी ठेवून ढगाळ रात्र आणि निरभ्र रात्र अशा दोन्हींची सोय करणारी ही कल्पना मोगल वास्तुकलेतल्या उत्तम कल्पनांपैकी एक मानावी लागेल. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्याच्या आतल्या बहुतेक इमारती पाडून लष्करी बराकी बांधल्या, त्यात मेहताब बागही गेली. सावन आणि भादों उभे आहेत. त्यांच्या मधल्या हौदात बहादुरशाह जफरने १८४२ मध्ये बांधलेला जफर महालही आहे.

या पूर्वेच्या दालनांशी मराठ्यांचा संबंध आला तो वैभवाच्या उतरणीच्या काळात. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेला द्यायला पैसा नव्हता, म्हणून दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. यमुना पावसाने भरलेली होती आणि पलीकडे दोआबात अब्दालीची फौज होती. ज्या पूर्वेकडे बादशहा चंद्रोदयासाठी पाहत, त्याच पूर्वेकडे त्या पावसाळ्यात मराठी चौक्या शत्रूच्या हालचाली निरखत होत्या. पुढे १७७२ मध्ये मराठ्यांच्या संरक्षणात शाह आलम दिल्लीच्या तख्तावर परतला, १७८४ मध्ये महादजी शिंदे वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचे मुखत्यार, झाले आणि १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईनंतर दिल्ली इंग्रजांकडे गेली. पटपडगंज यमुनेच्या पूर्व काठावर आहे. आज तिथे सहकारी गृहसंस्थांच्या इमारतींची दाट वस्ती आहे.

किल्ल्यातला चंद्रोदय राजघराण्यापुरता होता. शहराला तो दिला शाहजहानची मुलगी जहानआरा हिने. किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारी सरळ बाजारपेठ तिने १६५० मध्ये वसवली. रस्त्याच्या मधोमध कालवा वाहत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे होती. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात काढलेला जुना कालवा शाहजहानच्या काळात पुन्हा चालू करून हे पाणी शहरात आणले होते. बाजाराच्या मध्यभागी मोठा चौक आणि त्यात हौद होता. चौकाच्या उत्तरेला जहानआराची सराय आणि तिच्यामागे बाग, दक्षिणेला हमाम. फ्रेंच प्रवासी बर्निये याने या सरायीचे तोंड भरून कौतुक केले आहे आणि पॅरिसला अशा सराया असाव्यात अशी इच्छा नोंदवली आहे. हौदात चंद्राचे प्रतिबिंब पडे म्हणून या चौकाला चांदनी चौक म्हणू लागले, असे परंपरा सांगते. आधी हे नाव चौकापुरते होते, पुढे ते साऱ्या बाजारपेठेला चिकटले.

बाजारपेठ पूर्व–पश्चिम आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण चंद्राच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. फतेहपुरीकडून किल्ल्याकडे पाहणाऱ्याला आश्विन किंवा चैत्राच्या सुमारास पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ रस्त्याच्या रेषेतच, लाहोरी दरवाजाच्या वर आलेला दिसे. नदीवर उगवलेला चंद्र तटाच्या वर यायला थोडा वेळ लागे आणि हौदात उतरायला आणखी वेळ. किल्ल्यातल्या बेगमांना तो आधी दिसे, बाजारातल्या कारागिरांना नंतर, आणि पाण्यात पाहणाऱ्यांना सर्वांत शेवटी.

अठराव्या शतकात नादिरशाहच्या स्वारीच्या मागे-पुढे दिल्लीत राहिलेल्या दरगाह कुली खानने आपल्या ‘मुरक्का-ए-दिल्ली’त या चौकाचे वर्णन केले आहे. दुकानांतल्या दुर्मीळ वस्तू, शायर जमत ते कहवाखाने, संध्याकाळची गर्दी हे सगळे त्यात आहे. शहर लुटले जाण्याच्या उंबरठ्यावर असतानाही लोक संध्याकाळी चौकात येऊन बसत होते, ही त्या पुस्तकातली सर्वांत हृद्य गोष्ट.

पाण्याकाठच्या चांदण्याची याहून जुनी जागा दक्षिणेला मेहरौलीत आहे. सुलतान इल्तुतमिशने १२३० च्या सुमारास बांधलेला हौज-ए-शम्सी चौदाव्या शतकात इब्न बतूताने पाहिला तेव्हा एखाद्या सरोवरासारखा विस्तीर्ण होता. मधल्या मंडपाकडे भरल्या पाण्यात नावेने जावे लागे. त्याच्या काठावर लोदी काळातला जहाज महाल उभा आहे. याच मेहरौलीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, अकबरशाह दुसऱ्याच्या कारकिर्दीत ‘फूलवालों की सैर’ सुरू झाली. इंग्रजांनी अलाहाबादला पाठवलेला शहजादा मिर्झा जहांगीर सुटून यावा म्हणून त्याच्या आईने ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्याला नवस बोलला होता. तो फेडताना दर्ग्यावर फुलांची चादर आणि योगमाया देवीच्या मंदिरात फुलांचा पंखा, असा दुहेरी रिवाज पडला. बादशहासह निम्मी दिल्ली त्या दिवसांत मेहरौलीला मुक्कामाला जाई. इंग्रज सरकारने १९४२ मध्ये ही जत्रा बंद पाडली. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, पंडित नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा भरू लागली.

चंद्र कधी उगवणार हे आधी सांगता येणे ही वेगळी विद्या, आणि तिचेही एक मोठे ठाणे दिल्लीत आहे. आमेरचा राजा सवाई जयसिंह याने १७२४ मध्ये जयसिंहपुऱ्यात जंतरमंतर ही वेधशाळा उभारली. त्याने बादशहा मुहम्मदशाहच्या नावाने तयार करवलेल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या कोष्टकांच्या प्रस्तावनेत कारण दिलेले आहे: जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहस्थाने, विशेषतः चंद्रकोर दिसण्याची वेळ आणि ग्रहणे, प्रत्यक्षाशी जुळत नव्हती, आणि धर्माची व राज्याची मोठी कामे त्यांवर अवलंबून होती. म्हणजे जंतरमंतरच्या मुळाशी असलेल्या कारणांत चंद्रकोर कधी दिसेल हे नेमके सांगण्याची गरजही आहे. राम यंत्र आणि जयप्रकाश यंत्र यांनी चंद्राची उंची आणि दिशा मोजता येत असे. युरोपातून मागवलेली ल हीर या खगोलशास्त्रज्ञाची कोष्टके तपासून जयसिंहाने त्यांत चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक दाखवली. अर्धा अंश म्हणजे जवळजवळ चंद्राच्या बिंबाएवढे अंतर. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे पंडित होते. त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून आणि युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. आज कॅनॉट प्लेसच्या उंच इमारतींनी या यंत्रांभोवतीचे क्षितिज झाकले आहे.

पश्चिमेच्या चंद्रकोरीचा विधी गणितावर कधीच पूर्ण सोपवला गेला नाही. शाबान किंवा रमजानच्या २९ तारखेला संध्याकाळी जुन्या दिल्लीतल्या छतांवर लोक पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात. कोर स्वतः पाहिल्याची ग्वाही मिळाली की जामा मशिदीतून आणि फतेहपुरी मशिदीतून घोषणा होते. ढग असतील तर इतर शहरांतल्या ग्वाहीची चौकशी होते. लाल किल्ल्यात बादशाही होती तोवर चंद्र दिसल्याची वर्दी तोफांनी दिली जाई. मुन्शी फैजुद्दीन यांच्या ‘बज्म-ए-आखिर’ (१८८५) या पुस्तकात किल्ल्यातल्या शेवटच्या वर्षांतले असे सण-समारंभ नोंदलेले आहेत. ईदच्या चंद्राला ‘चाँदरात’ असते आणि त्या रात्री जामा मशिदीभोवतीचे बांगड्यांचे आणि मेंदीचे बाजार पहाटेपर्यंत उघडे असतात.

१८५७ नंतर चांदनी चौकाचे रूप बदलले. जहानआराची सराय पाडून तिच्या जागी १८६० च्या दशकात टाउन हॉल उभा राहिला. हौदाच्या जागी १८७० च्या सुमारास घंटाघर बांधले गेले. त्याआधीही कालवा मधली कित्येक वर्षे कोरडा पडला होता आणि १८२० मध्ये इंग्रजांनी तो पुन्हा चालू केला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो कायमचा बुजवला गेला. चांदण्याच्या रात्री लोक जिथे पाण्यात चंद्र पाहत, तिथे ते आता तबकडीवर वेळ पाहू लागले. १९५१ मध्ये घंटाघरही कोसळले, पण जागेचे नाव आजही ‘घंटाघर’च आहे. २०२१ मध्ये किल्ला ते फतेहपुरी हा रस्ता नव्याने बांधून सकाळी ९ ते रात्री ९ पर्यंत मोटारींना बंद करण्यात आला. रस्ता मोकळा झाला. पाणी परत आलेले नाही.

पाणी गेले तरी चंद्र पाहणे थांबले नाही, कारण दिल्लीला गच्ची होती. बर्नियेने सतराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की इथल्या चांगल्या घरांना सपाट गच्ची असतेच, कुटुंब उन्हाळ्यात रात्री तिथे झोपते आणि पाऊस आला तर खाट आत सरकवता यावी म्हणून शेजारी खोली असते. ही सोय तीन शतके टिकली. दिवस उतरला की तापलेल्या छतावर पाणी शिंपडत, ओल्या चुन्याचा आणि मातीचा वास सुटे, मग खाटा आणि माठ वर नेत. कडेला उंच जाळीदार भिंत असे. पडद्यातल्या बायकांना त्यामुळे रस्त्यावरच्या नजरांपासून आडोसा मिळे आणि आकाश उघडे राही. घरे एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे एका छतावरून दुसऱ्यावर बोलता येई, पतंग आणि कबुतरे उडवता येत, आणि जुन्या दिल्लीतल्या कितीतरी प्रेमकथा या छतांवरच्या संध्याकाळींतच रंगल्या. चंद्र उगवला हे सगळ्या मोहल्ल्याला एकाच वेळी कळे.

दिवे मालवलेल्या दिल्लीने चंद्र कसा पाहिला असेल, याची विसाव्या शतकातली एक तारीख नेमकी सांगता येते. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने भारताच्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि त्या रात्री दिल्लीत ब्लॅकआउट झाला. पौर्णिमा होऊन जेमतेम एक दिवस लोटला होता. अंधार होताच यमुनेपलीकडून जवळजवळ पूर्ण चंद्र वर आला. खिडक्यांना काळे कागद लावून, मोटारींचे दिवे रंगवून काळोख करणाऱ्या शहरावर चांदणे मात्र पसरलेच.

त्याआधी, १९४७ मध्ये दिल्लीची वस्तीच बदलली. १९४१ मध्ये ९ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाखांवर गेली. त्यात पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित पाच लाखांच्या जवळ होते. लाजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर या वसाहतींत छोट्या घरांवर सपाट छते होती आणि पंजाबी बायकांनी करवा चौथ तिथे आणली. दिल्ली आणि उत्तर प्रदेशच्या घरांत हे व्रत आधीही होते. पंजाबी रीतीने त्याला सामूहिक रूप आले: पहाटे सासूने दिलेली सरगी खायची, दुपारी शेजारणींनी गोल बसून कथा ऐकत ताटे एकमेकींकडे फिरवायची, आणि रात्री छतावर चाळणीतून आधी चंद्र, मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्याच्या हातून पाणी प्यायचे.

व्रताचा आधार धर्मशास्त्रातही आहे. मूळ पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये लिहिलेल्या ‘निर्णयसिंधू’त करकचतुर्थी सांगितली आहे आणि ती चंद्रोदयव्यापिनी घ्यावी, म्हणजे चंद्र उगवताना चतुर्थी चालू असलेला दिवस धरावा, असा निर्णय दिला आहे. संकष्टीचा नियमही हाच. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे ती कार्तिकातली चतुर्थी. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, म्हणून मराठी पंचांगात तीच आश्विन वद्य चतुर्थी. रात्र एकच. करोलबाग, पहाडगंज, लोदी कॉलनी, सरोजिनीनगर इथल्या सरकारी क्वार्टरांत आणि भाड्याच्या घरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही जोडरात्र वर्षानुवर्षे अनुभवली आहे. एका छतावर शेजारीण चाळणी घेऊन उभी, दुसऱ्यावर मराठी गृहिणी अर्घ्याचा तांब्या आणि मोदकांचा नैवेद्य घेऊन. दोघींचा उपवास एकाच बिंबाच्या दर्शनाने सुटतो. दिल्लीतल्या मराठी जीवनातला इतका सुंदर योग दुसरा नसेल.

या कुटुंबांना एक व्यावहारिक अडचण येई. महाराष्ट्रातून आणलेल्या दिनदर्शिकेतली मुंबई-पुण्याची चंद्रोदयाची वेळ दिल्लीत चालत नाही. करवा चौथच्या सुमारास दिल्लीत चंद्र रात्री आठच्या आगेमागे उगवतो, मुंबईत त्यानंतर ३५ ते ४० मिनिटांनी. दिल्ली मुंबईच्या चार अंशांहून थोडी अधिक पूर्वेला आहे, त्याची सुमारे १७ मिनिटे होतात. उरलेला फरक अक्षांशाचा. आश्विन वद्य चतुर्थीचा चंद्र विषुववृत्ताच्या बराच उत्तरेला असतो, आणि असा चंद्र उत्तरेकडच्या गावांना लवकर दिसतो. ज्येष्ठातल्या संकष्टीला तो दक्षिणेला असतो. तेव्हा अक्षांशाचा परिणाम उलटा होतो आणि दोन्ही शहरांच्या वेळा जवळजवळ सारख्या येतात. या कारणाने दिल्लीतल्या मराठी घरांत स्थानिक पंचांग किंवा वर्तमानपत्रातली वेळ पाहण्याची सवय रुजली.

शरद पौर्णिमेला दिल्लीची आणि मराठी मंडळींची रीत आणखी जवळ येते. उत्तरेत तांदळाची खीर रात्रभर छतावर चांदण्यात ठेवतात, वर जाळीचे कापड बांधतात आणि सकाळी प्रसाद म्हणून खातात. मराठी घरांत केशर, वेलदोडा, चारोळी घातलेल्या आटीव दुधात चंद्राचे बिंब पाहून ते मध्यरात्री पितात. दिल्लीतली महाराष्ट्र मंडळे कोजागिरी गाण्यांनी आणि दुधाने साजरी करतात; अनेक तरुण जोडप्यांची ओळख अशाच रात्री झाली आणि पुढे लग्ने जमली. हा काळ चंद्रोदयाच्या दृष्टीनेही खास असतो. एरवी चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. शरद ऋतूत चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजाशी लहान कोन करतो, म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे हा उशीर दिल्लीत ३५ ते ४० मिनिटांवर येतो. सलग दोन-तीन संध्याकाळी अंधार पडता पडता मोठा चंद्र दिसत राहतो. पावसाने धुतलेली हवा असतेच. शेतांतला धूर आणि दिवाळीचा धूर अजून यायचा असतो.

नव्या दिल्लीने चंद्राला दुसऱ्या जागा दिल्या. १९३६ मध्ये लोदी घराण्याच्या थडग्यांभोवती बाग तयार झाली आणि ती लवकरच प्रेमिकांची आवडती झाली. बागेचे दरवाजे रात्री बंद होतात, म्हणून तिथे उगवता चंद्र पाहायचा तर पौर्णिमेचाच. चतुर्थीच्या चंद्राची वेळ बाग रिकामी झाल्यावर येते. डिफेन्स कॉलनी, निजामुद्दीन, जंगपुरा या वसाहतींत छतावर एक खोली बांधत, तिला ‘बरसाती’ म्हणत. नवविवाहित जोडपी, चित्रकार, पत्रकार आणि विद्यार्थी कमी भाड्यात तिथे राहत. खोली लहान, पण अख्खी गच्ची आपली. स्वातंत्र्योत्तर दिल्लीतल्या मध्यमवर्गीय प्रणयाचा चंद्रोदय पुष्कळसा या बरसात्यांवर झाला. हिंदी सिनेमाने पुढे तो देशभर पोचवला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) मधल्या करवा चौथच्या प्रसंगानंतर आणि ‘कभी खुशी कभी गम’ (२००१) सारख्या चित्रपटांनंतर हे व्रत पूर्वी ते न पाळणाऱ्या घरांतही गेले. वाग्दत्त मुली आणि बायकोबरोबर उपाशी राहणारे नवरेही त्यात दिसू लागले.

जमिनींच्या किमती वाढल्या तशा दोन मजली घरांच्या जागी चार मजली इमारती आल्या आणि बरसात्या पाडल्या गेल्या. खाटा छतावरून खाली आल्या त्या आधी कूलरमुळे आणि मग एअर कंडिशनरमुळे. यमुना पूर्वेकडे सरकलेली आहे आणि लाल किल्ल्याच्या तटाखाली आता रिंग रोड आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेले नोएडा, गाझियाबादचे इंदिरापुरम आणि ग्रेटर नोएडा इथे उंच मनोऱ्यांच्या वसाहती वाढत गेल्या आणि पूर्वेची जुनी मोकळी रेषा इमारतींनी भरली. पंचांगातली वेळ मोकळ्या क्षितिजासाठी असते. दिल्लीच्या अक्षांशावर उगवता चंद्र तासाला साधारण १२ ते १३ अंश वर चढतो. समोर तीन-साडेतीनशे मीटरवर साठ मीटर उंचीचा मनोरा असेल तर तो सुमारे दहा अंश आकाश झाकतो, आणि चंद्र पंचांगाच्या वेळेनंतर पाऊण तासाने दिसतो. दिवसभर पाणीही न प्यायलेल्या बाईसाठी हा पाऊण तास फार मोठा असतो.

त्यामुळे अनेक सोसायट्यांत एरवी कुलूपबंद असलेली गच्ची करवा चौथला उघडतात. खालच्या मजल्यांवरच्या बायका लिफ्टने वर जातात, तिथे चौथऱ्यावर ताटे मांडतात, आणि पूर्वेच्या मनोऱ्यांच्या फटींतून बिंब पहिल्यांदा कुठे दिसेल याचा अंदाज दरवर्षीच्या अनुभवाने बांधतात. जिथे गच्ची मिळत नाही तिथे फाटकाबाहेरच्या रस्त्यावर किंवा मेट्रोच्या पुलाजवळ जागा शोधली जाते. उशिरा आलेल्या करवा चौथला धूर दाट असेल तर चंद्र क्षितिजापासून बराच वर येईपर्यंत फिकट तांबड्या डागासारखा राहतो. जानेवारीतल्या सकट चौथला धुके इतके असते की पुष्कळदा तो दिसतच नाही. मग पंचांगातली वेळ पाळून, पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य देतात आणि तिळकूट खाऊन उपवास सोडतात.